नऊ दिवसांचा उपास, पांढरे ठिपके आणि 'लंघनं परमौषधम्'

पाचवा_मजला (रविवार, रात्री ११:४०)

घोडबंदर रोड, ठाणे. घरात तीन फुटी टाकी, त्यात चार गोल्डफिश: शेठ, काळ्या, चिंगी आणि छोटी. शेठ आणि काळ्या चार वर्षांचे, बाकीच्या दोघी गेल्या दिवाळीतल्या.

गणपतीला गुहागरकडे गावी गेलो होतो, नऊ दिवस. मागे एकदा शेजाऱ्यांना खाणं घालायला सांगितलं होतं, तर त्यांच्या धाकट्याने अख्खा डबा ओतला आणि आम्ही आलो तेव्हा टाकीत ताक झालेलं. म्हणून या वेळी कुणालाच सांगितलं नाही. गोल्डफिश आठ-दहा दिवस आरामात राहतात असं सगळीकडे वाचलं होतं.

परत आलो तर सगळे ठणठणीत. पाणी इतकं स्वच्छ की मलाच लाज वाटली. मासे काचेला तोंड लावून उभे. पण बरोब्बर सहाव्या दिवशी छोटीच्या शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. आज तर ती फिल्टरच्या पाइपला अंग घासतेय.

आईचं म्हणणं, "मुक्या जिवाला उपाशी ठेवून तिकडे एकवीस मोदक खाल्लेस, आता भोग." बायको काही बोलत नाही, ते जास्त वाईट.

प्रश्न साधा आहे. उपाशी ठेवल्याने माशांची प्रतिकारशक्ती खरंच कमी होते का? की हा योगायोग? दुकानदाराचं उत्तर नको आहे, तो निळं औषध विकतो.

---

मीठमसाला

आधीच मीठ भुरभुरलंय म्हणता, मग हळद-तिखट लावा नि रव्यात घोळवा.

(दिवे घ्या. छोटीला लवकर बरं वाटो.)

---

वैद्य_नाही_पण

लंघनं परमौषधम्! आपल्याकडे ताप आला की पहिल्यांदा जेवण बंद करायचे. पोटाचा व्याप थांबला की शरीर रोगाकडे लक्ष देते. माशांनाही हेच लागू असणार. तेव्हा उपासाने आजार झाला हे काही पटत नाही. उलट आता आणखी चार दिवस काहीच घालू नका.

---

कल्लेदार

मत्स्यशास्त्र शिकलोय, माशांच्या आजारांवर थोडंफार काम केलंय, त्यामुळे जरा लांब लिहितो. सोसून घ्या.

पहिली गोष्ट, मासा आपल्यासारखी शेगडी पेटवून बसत नाही. आपलं निम्म्याहून जास्त जेवण अंग ३७ अंशांवर ठेवण्यात जातं. माशाचं अंग पाण्याच्या तापमानाला असतं, तो खर्चच नाही. म्हणून नऊ दिवस म्हणजे आपले नऊ दिवस नव्हेत. त्यातून गोल्डफिश हा उपासाचा जुना खेळाडू. थंड देशांत तळी गोठतात तेव्हा हा आणि त्याचा भाऊबंद क्रुशियन कार्प महिनोन्‌महिने तळाशी पडून असतात. त्यासाठी यकृतात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवणीच्या साखरेचा, भलामोठा साठा करून ठेवतात.

पण तिथलं पाणी चार अंश, तुमची टाकी अठ्ठावीस. पाणी जितकं गरम तितका शिलकीला लागणारा हात मोठा. युरोपातल्या कार्पचे हिवाळी विक्रम वाचून ठाण्यात उपास घालू नये.

दाणापाणी बंद झालं की पहिल्यांदा यकृतातला ग्लायकोजेन जातो, मग चरबी, आणि शेवटी स्नायू. यकृत अक्षरशः आक्रसतं. प्रयोगात माशाच्या वजनाशी यकृताच्या वजनाचं प्रमाण काढतात, ते पहिल्या काही दिवसांतच घसरताना दिसतं. चांगल्या पोसलेल्या मोठ्या गोल्डफिशचे नऊ दिवस ग्लायकोजेन आणि थोड्या चरबीवर निघून जातात. अंगठ्याएवढ्या पिल्लाचं तसं नाही, त्याची शिल्लकच चार आण्यांची.

आता प्रतिकारशक्ती. आपण हा शब्द असा वापरतो की जणू गच्चीवर एक टाकी आहे आणि ती भरते किंवा रिकामी होते. माशाच्या बाबतीत निदान चार वेगळी खाती मनात ठेवा.

एक, अंगावरची बुळबुळ. हा चिकट थर म्हणजे माशाची तटबंदी आहे. त्यात लायसोझाइम हे जिवाणू फोडणारं विकर असतं, जिवाणू मारणारी छोटी प्रथिनं असतात, प्रतिपिंडं असतात, आणि हा थर सतत गळून नवा होत राहतो. नवा करायला प्रथिनं लागतात, ती येणार खाण्यातूनच. दोन, आतडं. उपासात आतड्याच्या आतल्या घड्या आखूड होतात, अस्तर पातळ होतं. तीन, पेशी. माशाला रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा नसते, ते काम वृक्काचा (किडनीचा) डोक्याकडचा भाग करतो. चार, यकृत. संसर्ग झाला की संरक्षक प्रथिनांचा पहिला मोठा लोट यकृतातून निघतो. आणि उपासात सगळ्यांत आधी खर्ची पडतं तेही यकृतच.

म्हणजे लढाई सुरू व्हायच्या आधीच दारूगोळ्याच्या कोठारातून रेशन वाटलं जातंय. अटलांटिक सॅमनवरच्या एका प्रयोगात मासे चार आठवडे उपाशी ठेवून मग त्यांना जिवाणू टोचले, तेव्हा उपाशी माशांच्या यकृताचा प्रतिसाद पोटभर खाणाऱ्यांपेक्षा फिका पडला.

पण चार आठवडे कुठे आणि नऊ दिवस कुठे. तेव्हा आईंना अजून काही सांगू नका.

---

वात्रट_कावळा

+१. 'चार आण्यांची शिल्लक' हे वाचून माझ्या पीएफची आठवण झाली.

---

दिवाळ्याची_लेक

आमचे बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात सांगून बघा, मासा उपाशी ठेवलाय म्हणून धागा काढलाय, लोक हसतील. 😀

माझे मामा उरणच्या बाजूला घरामागच्या तळ्यात जिताडा वाढवतात. जिताड्याची पिल्लं उपाशी ठेवली तर प्रतिकारशक्ती वगैरे लांबचं, आधी ती एकमेकांना खातात. स्वतःच्या निम्म्यापेक्षा मोठा भाऊ आख्खा गिळतात. आनी जो गिळता येत नाय त्याची शेपटी नाय तर कल्ल्याजवळचा लचका तोडतात. मग त्या जखमेवर कापसासारखं काहीतरी धरतं आनी आठवड्यात तो मासा वर तरंगतो. मामा म्हणतात, "पोटाला दिला नाय तर चावा, चावला का सडला." म्हणून लहान-मोठी पिल्लं सारखी वेगळी करावी लागतात.

तेव्हा कल्लेदार दादांच्या चार खात्यांत पाचवं धरा, भुकेला शेजारी.

आनी एक. पिल्लं गाडीने आणायची असली की आदल्या दिवशी खाणं बंदच करतात. पोट भरलेलं पिल्लू पिशवीत घाण करतं, पानी खराब होतं, अर्धी वाटेतच जातात. रोहू-कटल्याची बोटुकली आणतात त्यांचंही तेच. हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, दाटीने ठेवायची, पोट रिकामं करायचं, मग प्राणवायू भरलेल्या पिशवीत. म्हणजे उपास हा धंद्यातला रोजचाच आहे, त्याने कुणी मरत नाय.

---

कल्लेदार

@दिवाळ्याची_लेक, पाचवं खातं मान्य! पुस्तकात हे 'अप्रत्यक्ष परिणाम' म्हणून अर्ध्या ओळीत उरकतात, पण तळ्यावर बहुतेक वेळा तोच मुख्य असतो. गोल्डफिश चावे घेत नाहीत, पण भुकेले असले की एकमेकांच्या अंगावरची बुळबुळ चोखताना मी पाहिलेत.

@वैद्य_नाही_पण, तुमचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा अजिबात नाही. आजारी मासा स्वतःहून खाणं सोडतो, जवळजवळ सगळे प्राणी सोडतात. २०१६ मध्ये उंदरांवरचा एक गाजलेला अभ्यास आला होता. लिस्टेरिया या जिवाणूने आजारी पडलेल्या उंदरांना जबरदस्तीने भरवलं तर ते मरत होते, आणि फ्लूच्या विषाणूने आजारी पडलेल्यांना भरवलं तर ते जगत होते. एकच घास, एकीकडे विष आणि दुसरीकडे औषध. म्हणजे लंघन कुठे परमौषध हे समोर कोण उभं आहे त्यावर ठरतं.

माशांत याहून मजेदार प्रकरण आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडे चॅनल कॅटफिशची मोठी शेती चालते. आपल्या मांगुराचा दूरचा नातेवाईक म्हणा. त्याला एडवर्डसिएला नावाच्या जिवाणूचा आजार होतो. तळ्यात हा आजार फुटला की तिथले शेतकरी खाणं कमी करतात किंवा थांबवतात, आणि मरतूक आटोक्यात येते. एक कारण असं की हा जिवाणू तोंडावाटे, पोटातूनही शिरतो. तोंड बंद तर एक दार बंद.

त्याच माशाला कॉलम्नॅरिस नावाचा दुसरा आजार होतो, कल्ले आणि कातडी सडवणारा. तिथे उलटं. आठवडाभर उपाशी ठेवलेली पिल्लं खाणाऱ्या पिल्लांपेक्षा जास्त मरतात. आणि कारण 'अशक्तपणा' एवढंच नाही. उपासात कल्ल्यांवर एक साखरधरू प्रथिन, लेक्टिन, भराभरा वाढतं आणि हा जिवाणू त्यालाच हात घालून वर चढतो असं दिसलंय. ज्या साखरेला ते लेक्टिन चिकटतं ती आधीच पाण्यात सोडली, तर जिवाणूला धरायला जागा मिळत नाही.

मला हे फार आवडतं. आपण म्हणतो भुकेने तटबंदी ढासळली. इथे तटबंदी जागेवर आहे, फक्त भुकेच्या गडबडीत कुणीतरी बाहेरून दोर सोडून ठेवलाय.

---

वैद्य_नाही_पण

'समोर कोण उभे आहे त्यावर ठरते', हे आमच्याकडेही आहेच हो. लंघन सरसकट नाही. बाळ, म्हातारा, गर्भिणी, दुर्बळ यांना सांगत नाहीत. मी घाईत अर्धेच लिहिले. छोटी 'बाळ' या सदरात येते का?

---

पाचवा_मजला

येते. सगळ्यांत लहान तीच, शेपटी सोडली तर अंगठ्याएवढी. म्हणजे आईचं बरोबर??

---

नेरूळचे_आजोबा

मी चाळीस वर्षे टाक्या ठेवतो आहे. तुमच्या लिखाणात एक गोष्ट मला खटकली. छोटीचे हे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट, आणि तो परजीवी आहे. तो हवेतून येत नाही आणि उपासातून तर नाहीच नाही. तो कुणीतरी घरात आणावा लागतो. नऊ दिवस टाकीला कुणाचा हात लागला नाही म्हणता. मग आल्यावर टाकीत काय नवीन टाकले? झाड? गोगलगाय? दुसऱ्याच्या टाकीतले पाणी? नवीन मासा? खरे सांगा.

---

पाचवा_मजला

…

दोन ओरांडा (डोक्यावर तुरा असलेले गोल्डफिशच) आणले. आलो त्याच संध्याकाळी. मुलीला गावी कबूल केलं होतं, रडायचं नाही तर येताना मासा. स्टेशनजवळच्या एका दुकानातून घेतले. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली आणि सोडले.

धाग्यात लिहिलं नाही कारण त्यांना काही झालेलं दिसत नव्हतं. आता टॉर्च मारून बघितलं तर एकाच्या कल्ल्याच्या झाकणावर तीन ठिपके आहेत. पांढरा मासा, पांढरा ठिपका, कसा दिसणार.

---

वात्रट_कावळा

मुख्य आरोपी मूळ फिर्यादीतून गायब! असले धागेच वाचायला मजा येते.

---

नेरूळचे_आजोबा

वाटलेच. नवा मासा तीन आठवडे वेगळ्या टबात. माझे गुरू बादलीत ठेवायचे, पण ठेवायचे.

---

दिवाळ्याची_लेक

आनी ते ओरांडा किती दिवसांचे उपाशी होते ते विचारा. आपल्याकडच्या दुकानातले बरेचसे रंगीत मासे कोलकात्याहून नाय तर चेन्नईच्या कोलातूरहून येतात. तिथे भरायच्या आधी उपास, गाडीत नाय तर विमानात उपास, ठोक व्यापाऱ्याकडे पुढच्या पिशवीत जायचे म्हणून पुन्हा उपास, मग दुकानात. दुकानदार तरी पोटभर कुठे घालतो, टाकी घाण होते ना. एकेक टप्पा दोन दिवसांचा धरा आनी बेरीज करा.

तुमच्या शेठने घरी बसून उपास केला, शांतपणे. त्या ओरांड्याने उपाशीपोटी अर्धा देश बघितला.

---

कल्लेदार

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे.

खरंच हा फरक महत्त्वाचा. नुसत्या उपासात माशाचा ताणाचा संप्रेरक, कॉर्टिसॉल, नेहमी वाढतोच असं नाही. पण पकडणं, दाटी, हिंदकळणं, पाणी बदलणं यांनी तो वाढतो, आणि तो लिम्फोसाइट या रोगाशी लढणाऱ्या पेशींना दाबून टाकतो. त्यात यकृत रिकामं असेल तर सावरायला भांडवल नाही. उपाशी माशांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात त्याचंही हे एक कारण असावं. लायसोझाइमचंच घ्या. कुठे उपासाने घटलेलं सापडतं, कुठे तेवढंच, कुठे चक्क वाढलेलं. जात कोणती, पाणी किती गरम, किती दिवस, मासा किती वेळा जाळ्यात धरून रक्त काढलं, सगळं वेगळं.

एक खूण मात्र डोळ्यांनी बघता येते. शिकत असताना आम्ही बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माशाच्या प्लीहेचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. तांबूस-जांभळ्या ऊतीत मधूनच तपकिरी-काळे पुंजके, जळक्या साखरेच्या डागांसारखे. मोडीत निघालेल्या पेशींचा कचरा गिळून बसलेल्या भक्षक पेशींचे ते ढीग. उपासात शरीर स्वतःलाच मोडून खातं, त्याचा उकिरडा तिथे साठतो. १९८१ पासून हे नोंदलेलं आहे. फक्त प्रदूषणातही हे पुंजके वाढतात, म्हणून खाडीतला मासा कापून त्यात पुंजके दिसले म्हणजे रसायनच, असं लगेच म्हणता येत नाही. तो नुसता भुकेलाही असू शकतो.

---

तलावपाळीवाला

अवांतर: आपल्या ठाण्याच्या मासुंदा तलावात मासे मरून वर येतात ते उपासानेच का? तिथे तर लोक पाव, कुरमुरे टाकत असतात.

---

कल्लेदार

नाही. एका रात्रीत शेकडो मासे वर आले तर बहुतेकदा प्राणवायू संपलेला असतो. टाकलेला पाव कुजतानाही तोच प्राणवायू खातो. उपासाचे बळी असे घाऊक आणि एकदम मरत नाहीत.

---

नेरूळचे_आजोबा

@पाचवा_मजला, गावाहून आल्यावर खायला किती घातलेत?

---

पाचवा_मजला

आजोबा, तुम्ही पोलिसात होतात का?

दोन वेळा. मूठ-मूठ. अपराधी वाटत होतं हो. उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणून काल अमोनियाची टेस्ट किट आणली. नळीत पिवळा रंग यायला हवा होता, पोपटी आला, म्हणजे पाण्यात अमोनिया आहे.

---

कल्लेदार

नऊ दिवस मासे खात नव्हते तेव्हा अमोनियाही नाममात्र टाकत होते, म्हणूनच पाणी लाज वाटण्याइतकं स्वच्छ होतं. फिल्टरमधले अमोनिया खाणारे जिवाणूही त्यामुळे उपाशीच होते. मग एकाच दिवशी मुठी-मुठीने खाणं, वर दोन नवे मासे. फिल्टरला एवढं पेलेना. गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, आणि ते आतडं उपासाने आखूड घड्यांचं झालेलं. अर्धं न पचताच बाहेर आलं असणार. अमोनियाने कल्ले हुळहुळतात, आणि व्हाइट स्पॉटच्या पिल्लांना कल्ले फार आवडतात.

उपास सोडताना आपण आधी साखरपाणी घेतो, थेट श्रीखंड-पुरी नाही. तसंच करायचं होतं. पहिल्या दिवशी चिमूटभर, मग वाढवत जायचं.

---

बायको_पाचवा_मजला

खाते आजच उघडले. मी पाचव्या मजल्याची बायको.

एक गोष्ट यांच्या लक्षात नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात शेठ आणि काळ्याला हेच ठिपके आले होते. हे तेव्हा ऑफिसच्या कामाने पुण्याला होते. पंधरा दिवस मिठाचे पाणी मी केले, टब मी बदलले. आता बघा, त्याच टाकीत, त्याच नऊ दिवसांच्या उपासानंतर, ठिपके कुणाला आहेत? दोन ओरांडा, छोटी, आणि कालपासून चिंगीला दोन. शेठ आणि काळ्याला एकही नाही. मी रोज टॉर्च मारते.

---

वात्रट_कावळा

धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. वहिनींना संपादक करा.

---

कल्लेदार

वहिनी, साष्टांग नमस्कार. हे आधी कळलं असतं तर मी अर्धं लिखाण केलंच नसतं.

व्हाइट स्पॉटमधून वाचलेला मासा त्या परजीवीची आठवण ठेवतो, आणि ही आठवण बराच काळ टिकते. गंमत कशी चालते बघा. हा परजीवी कातडीच्या थराखाली शिरून बसतो, म्हणून तिथे औषध पोचत नाही. फुगला की गळून तळाला जातो, स्वतःभोवती चिकट कवच करतो आणि आत शेकडो तुकडे होतात. ती पोहणारी पिल्लं दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात हा फेरा आठवड्याच्या आतच पुरा होतो. ओरांडा सोडल्यापासून सहाव्या दिवशी छोटीवर ठिपके, हिशोब जुळतो.

ज्याला आधी होऊन गेलंय त्या माशाच्या बुळबुळीत याविरुद्धची प्रतिपिंडं तयार असतात. ती परजीवीच्या अंगावरच्या केसांना चिकटतात. कॅटफिशवरच्या प्रयोगांत असं दिसलं की कातडीत आधीच शिरलेला परजीवीही ही प्रतिपिंडं आल्यावर स्वतःहून निघून जातो. प्रतिपिंडं त्याला ठार करत नाहीत, घर खाली करायला लावतात.

माशांत यासाठी एक खास प्रतिपिंड आहे, आयजीटी. ते २००५ मध्ये पहिल्यांदा सापडलं. २०१० मध्ये ट्राउटच्या आतड्यात आणि २०१३ मध्ये त्वचेवर ते काय करतं ते कळलं, आणि त्वचेच्या अभ्यासात वापरला होता तो हाच, व्हाइट स्पॉटचा परजीवी.

---

वैद्य_नाही_पण

म्हणजे उपासाचा काही संबंध नाही म्हणायचे? मग एवढे सगळे वाचले कशाला आम्ही?

---

कल्लेदार

मला विचाराल तर शिक्षेचे वाटे असे करीन. ठिपके आणले ओरांड्यांनी. ते पसरायला मदत केली मुठीभर खाण्याने आणि अमोनियाने. शेठ-काळ्या वाचले ते जुन्या आजाराच्या जोरावर. नऊ दिवसांच्या उपासाचा वाटा छोटीपुरता, कारण तिची शिल्लकच कमी होती. पण छोटीला हा आजार आधी झालाही नव्हता, तेव्हा ती भुकेने सापडली की अननुभवाने, हे चार माशांच्या टाकीवरून मी सांगू शकत नाही. त्यासाठी चाळीस छोट्या लागतील, वीस उपाशी आणि वीस पोटभर, आणि तुमच्या आई मला घरात घेणार नाहीत.

उपचार: मीठ, लिटरला दोन ते तीन ग्रॅम, एकदम नाही, दोन दिवसांत वाढवत. पाणी तीस अंशांपर्यंत, हवेचा पंप जोरात. रोज तळ उपसून पाव भाग पाणी बदला, तळाची कवचं त्यातच जातात. ठिपके गेले म्हणून थांबू नका, पुढे आठवडाभर चालू ठेवा. मीठ आणि औषध फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कातडीतल्यांना नाही. आणि खाणं बंद करू नका. कमी घाला, पण घाला.

---

मीठमसाला

पहिल्याच प्रतिसादात मीठ मीच सुचवलं होतं याची नोंद घ्यावी.

---

पाचवा_मजला (बारा दिवसांनी)

अपडेट. एक ओरांडा गेला, तिसऱ्याच दिवशी. मुलीने कुंडीत पुरला, सदाफुलीच्या. दुसरा वाचला आणि आता खादाड झालाय. चिंगी साफ. छोटीच्या शेपटीची कड थोडी झिजलीय, पण ठिपका एकही नाही, आणि आज सकाळी सोललेल्या वाटाण्यासाठी तिने शेठला ढुशी दिली. नळीत पिवळा रंग आला.

आईला आजोबांचा मुद्दा सांगितला, ठिपके दुकानातून आले म्हणून. ती म्हणाली, "मग त्यांना कुणी उपाशी ठेवलं होतं?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता दिवाळीत पुन्हा पाच दिवस गावी. काय करू?

---

दिवाळ्याची_लेक

पाच दिवस काय होत नाय. जायच्या आधी आठवडाभर नीट घाला, आल्यावर चिमूटभर. आनी येताना मासा नका आणू. मुलीला फटाका द्या, नाय तर किल्ल्यावर ठेवायला मावळा.

---

बायको_पाचवा_मजला

या वेळी मी जात नाहीये. माहेरी जाते, कळव्याला. एक दिवसाआड येऊन घालीन.

---

नेरूळचे_आजोबा

एक दिवसाआड उत्तम. मोजून घाला, सहा दाणे माशामागे.